वाचकांचे प्रश्न : 'नॅरोनेस' वाक्यात बसवायचा कसा?

'नॅरो' हे विशेषण बहुतेकांना येतं. त्याचं नाम 'नॅरोनेस' वाक्यात घालायची वेळ आली की मात्र गडबड होते: कधी ते मापाच्या जागी जातं, कधी क्रियेच्या जागी, तर कधी गरज नसताना येऊन बसतं. या एका शब्दावर आलेले प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : गावातल्या रस्त्याच्या पाहणी अहवालात मी 'द नॅरोनेस ऑफ द रोड इज थ्री मीटर्स' असं लिहिलं. वरिष्ठांनी 'नॅरोनेस' खोडून 'विड्थ' केलं. रस्ता अरुंद आहे हेच तर मला सांगायचं होतं. मग चुकलं कुठे?
– कनिष्ठ अभियंता, सांगली जिल्हा

उत्तर : दुरुस्ती बरोबर आहे. आकडा आला की मापाचं नाव लागतं, आणि आडव्या मापाचं नाव 'विड्थ' आहे. मराठीतही रस्ता कितीही चिंचोळा असला तरी आपण त्याची 'रुंदी ३ मीटर' म्हणतो, 'अरुंदपणा ३ मीटर' म्हणत नाही. इंग्रजीत 'लेंग्थ', 'हाइट', 'डेप्थ', 'थिकनेस' यांना आकडा चालतो. 'शॉर्टनेस', 'शॅलोनेस', 'थिननेस', 'नॅरोनेस' यांना चालत नाही. विशेषणांचंही तसंच. रस्ता 'थ्री मीटर्स वाइड' असतो, 'थ्री मीटर्स नॅरो' कधीच नसतो. दोन दिवसांचं बाळसुद्धा इंग्रजीत 'टू डेज ओल्ड'च असतं, 'टू डेज यंग' नसतं.

रस्ता अपुरा आहे हे एकाच वाक्यात यावं असं वाटत असेल तर 'ओन्ली' पुरतो: 'द रोड इज ओन्ली थ्री मीटर्स वाइड.' आकडा आणि 'नॅरो' एकत्र आणायचेच असतील तर त्यालाही एक वाट आहे. आकडा एकूण मापाचा न देता तुटीचा द्यायचा. एकेरी मार्गिकेची रुंदी साधारणपणे ३.७५ मीटर धरतात. तुमचा रस्ता ३ मीटर आहे, म्हणजे ७५ सेंटिमीटर कमी पडतात. तेव्हा 'द रोड इज सेव्हंटी-फाइव्ह सेंटिमीटर्स टू नॅरो' हे वाक्य अगदी शुद्ध आहे. हा 'टू' म्हणजे 'गरजेपेक्षा जास्त'; तो नसेल तर वाक्य कोसळतं.

अहवालात आधी माप द्या आणि मग त्या मापाच्या परिणामाकडे वळा. 'नॅरोनेस' त्या दुसऱ्या वाक्यात शोभतो: 'द कॅरेजवे इज थ्री मीटर्स वाइड. इट्स नॅरोनेस फोर्सेस बसेस ऑन्टू द शोल्डर्स व्हेनेव्हर दे पास ईच अदर.' म्हणजे डांबरी भाग ३ मीटर रुंद आहे आणि तो इतका अरुंद असल्यामुळे समोरासमोर आलेल्या बसना साइडपट्टीवर उतरावं लागतं. 'इट्स'मध्ये ॲपॉस्ट्रॉफी घालू नका. तो घातला की 'इट इज' असा अर्थ होतो.

अरुंदपणा किती, हे आकड्याशिवाय सांगायला मात्र पूर्ण मोकळीक आहे. 'एक्स्ट्रीम नॅरोनेस', 'शिअर नॅरोनेस', 'रिलेटिव्ह नॅरोनेस' हे शब्द नेहमी जोडीने दिसतात. 'बिग नॅरोनेस' किंवा 'मच नॅरोनेस' दिसत नाही, तेव्हा तेही टाळा.

प्रश्न : विशेषणांची नामं करायला शिकवलं की मुलं 'देअर इज नॅरोनेस इन द लेन' अशी वाक्यं लिहितात. व्याकरणाची चूक दाखवता येत नाही, पण वाक्य खटकतं. मुलांना काय सांगावं?
– इंग्रजीच्या शिक्षिका, सातारा

उत्तर : तुमचा कान बरोबर सांगतो आहे. गल्ली अरुंद आहे, एवढंच सांगायचं असेल तर 'द लेन इज नॅरो' हे तीनचार शब्द पुरेत. 'गल्लीत अरुंदपणा आहे' असं मराठीतही कुणी म्हणत नाही.

नाम तेव्हाच घ्यावं, जेव्हा अरुंदपणाच वाक्यात काही काम करतो: कुणाला अडवतो, काही करायला भाग पाडतो, कशाचं तरी कारण ठरतो किंवा पाहणाऱ्याच्या डोळ्यात भरतो. 'द नॅरोनेस ऑफ द लेन केप्ट द फायर इंजिन आउट', म्हणजे गल्ली अरुंद असल्यामुळे बंब आत येऊ शकला नाही. इथे 'नॅरोनेस' कर्ता आहे आणि 'केप्ट' हे क्रियापद वजनदार आहे. मुलांना वाक्यातलं क्रियापद आधी तपासायला सांगा. 'इज', 'वॉज', 'देअर इज', 'हॅज' एवढंच हाती लागलं तर नव्वद टक्के वेळा विशेषणाकडे परत जावं.

मराठी मूल या नामापर्यंत सहजी पोहोचत नाही, याचं कारण मराठीच्या वाक्यरचनेत आहे. अशा जागी आपण 'असल्यामुळे' किंवा 'म्हणून' वापरून पोटवाक्य करतो, नाम करत नाही. म्हणून 'अरुंदपणा'चं भाषांतर शिकवण्यापेक्षा 'असल्यामुळे'चं रूपांतर शिकवलेलं बरं. फळ्यावर हे तीन टप्प्यांत होतं. आधी दोन सुटी वाक्यं: 'द लेन वॉज नॅरो. द फायर इंजिन कुड नॉट गेट इन.' मग 'बिकॉज' घालून जोड: 'बिकॉज द लेन वॉज नॅरो, द फायर इंजिन कुड नॉट गेट इन.' शेवटी पोटवाक्याचं नाम: 'बिकॉज ऑफ द नॅरोनेस ऑफ द लेन, द फायर इंजिन कुड नॉट गेट इन', किंवा नामालाच कर्ता करून वरचं 'केप्ट आउट'चं वाक्य.

चुका होतात त्या तिसऱ्या टप्प्यावर. सगळ्यात जास्त आढळणारं वाक्य म्हणजे 'बिकॉज ऑफ द नॅरोनेस ऑफ द लेन केप्ट द फायर इंजिन आउट.' यात दोन रचना एकमेकींत घुसल्या आहेत. 'बिकॉज ऑफ' लागला की तो सगळा भाग कारण होऊन बसतो आणि 'केप्ट'ला कर्ताच उरत नाही. दोन्हींपैकी एकच रचना घ्यायची. दुसरी चूक 'द' गाळण्याची. 'ड्यू टू नॅरोनेस ऑफ रोड' हे सरकारी पत्रांतून इतकं फिरलं आहे की ते बरोबरच वाटू लागतं. 'ऑफ'नंतर कुठली तरी ठरावीक गल्ली किंवा रस्ता येणार असेल तर 'नॅरोनेस'च्या आधीही 'द' हवा आणि त्या रस्त्याच्या आधीही. तिसरी चूक 'प्रिव्हेंट'ची: 'प्रिव्हेंटेड द बस टू टर्न' नव्हे, 'प्रिव्हेंटेड द बस फ्रॉम टर्निंग'.

अरुंदपणा म्हणजे नेहमी अडचणच, असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. नेरळ–माथेरान रेल्वेचं उदाहरण वर्गात चांगलं चालतं. १९०७ साली सुरू झालेल्या या मार्गावर दोन रुळांमधलं अंतर २ फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर आहे. आपल्या ब्रॉडगेजचं ते १,६७६ मिलिमीटर असतं. दोन रूळ इतके जवळ असल्यामुळे गाडी डोंगराच्या कडेकडेने फार तीव्र वळणं घेऊ शकते. तेव्हा 'द नॅरोनेस ऑफ द गेज अलाउड द बिल्डर्स टू टेक द लाइन राउंड व्हेरी शार्प कर्व्ज.' 'लिमिट', 'फोर्स', 'प्रिव्हेंट' यांच्याबरोबर 'अलाउ' आणि 'एक्सप्लेन' ही क्रियापदंही मुलांच्या वहीत असू द्या. याच उदाहरणावरून हायफनही शिकवता येईल. 'नॅरो गेज' एकटं आलं तर मध्ये रेघ नाही. पुढे नाम आलं, 'नॅरो-गेज लाइन' झालं, की रेघ द्यायची.

प्रश्न : अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल पडला, हा आम्हाला अभ्यासाला आहे. यातला 'नॅरोज' आणि 'नॅरोनेस' एकच का? निबंधात पुलाचा अरुंदपणा कसा लिहावा?
– स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : एक नाहीत. 'द नॅरोज' हे जागेचं नाव आहे. समुद्राचा किंवा नदीचा प्रवाह जिथे दोन किनाऱ्यांमध्ये आवळला जातो, ती जागा म्हणजे 'नॅरोज'. हा शब्द नेहमी 'एस' लावूनच येतो. न्यूयॉर्कमध्येही समुद्राचा असाच एक पट्टा आहे आणि त्यावर १९६४ साली खुला झालेला व्हेराझानो-नॅरोज पूल आहे. 'नॅरोनेस' हा गुण आहे. 'द नॅरोनेस ऑफ द नॅरोज' हे कानाला विचित्र लागलं तरी अर्थाने शुद्ध आहे: त्या खाडीमुखाचा चिंचोळेपणा.

तुमच्या विषयात हा शब्द चपखल बसतो, कारण त्या पुलाचा अरुंदपणा हा त्याच्या पडण्याच्या कारणांचा भाग आहे. १ जुलै १९४० रोजी पूल खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्याने पिळवटून कोसळला. मधला गाळा २,८०० फूट लांब आणि रुंदी अवघी ३९ फूट, म्हणजे साधारण ७२ ला १ असं प्रमाण. शिवाय कडेच्या तुळया फक्त ८ फूट उंचीच्या आणि भरीव पत्र्याच्या होत्या. अरुंद आणि उथळ डेकमध्ये, म्हणजे पुलाच्या रस्त्याच्या पट्ट्यात, पीळ सोसण्याइतका ताठपणा नव्हता.

विद्यार्थी लिहितात, 'द ब्रिज कोलॅप्स्ड ड्यू टू नॅरोनेस.' या वाक्यात दोन दोष आहेत. कशाचा अरुंदपणा ते कळत नाही, आणि सगळा दोष एका गोष्टीवर जातो, जे शास्त्रदृष्ट्या खरं नाही. नुसता अरुंद असल्याने पूल पडत नाही. वाऱ्यामुळे पिळाची जी हालचाल सुरू झाली, तिला तो आवर घालू शकला नाही. म्हणून असं लिहा: 'द नॅरोनेस ऑफ द डेक, टुगेदर विथ द शॅलोनेस ऑफ इट्स गर्डर्स, लेफ्ट द ब्रिज विथ लिटल स्टिफनेस अगेन्स्ट ट्विस्टिंग.' 'टुगेदर विथ'ने दोन कारणं शेजारी येतात, पण व्याकरणात कर्ता एकवचनीच राहतो. वाक्य वर्तमानकाळात आलं तर 'लीव्हज' लागेल, 'लीव्ह' नाही. 'लिटल'च्या आधी 'अ' घालू नका. 'अ लिटल स्टिफनेस' म्हणजे थोडा तरी ताठपणा होता, आणि अर्थ बदलून जातो. १९५० साली त्याच जागी बांधलेला पूल चार मार्गिकांचा आणि जास्त रुंद होता. तिथे 'नॅरोनेस' शब्दाचं कामच उरलं नाही.

प्रश्न : वैद्यकीय अहवालांचं टंकलेखन करते. डॉक्टर 'नॅरोइंग' म्हणतात, मी एकदा 'नॅरोनेस' टाइप केलं तर परत आलं. फरक काय?
– वैद्यकीय टंकलेखक, नागपूर

उत्तर : 'नॅरोनेस' म्हणजे अरुंद असणं, 'नॅरोइंग' म्हणजे अरुंद होणं, किंवा अरुंद झालेली जागा. रक्तवाहिनी मुळात पुरेशी रुंद होती आणि आत थर साचून ती आवळत गेली, हे डॉक्टरांना सांगायचं असतं. म्हणून 'नॅरोइंग ऑफ द आर्टरी'. गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये 'जॉइंट स्पेस नॅरोइंग', मणक्याच्या एक्स-रेमध्ये 'डिस्क स्पेस नॅरोइंग' हे ठरलेले शब्दसमूह आहेत. त्यांत एक अक्षरही बदलायचं नाही. आणखी एक खूण म्हणजे 'नॅरोइंग'ला टक्केवारी लागते. 'सेव्हंटी पर्सेंट नॅरोइंग' म्हणजे मूळच्या मार्गापैकी ७० टक्के भाग बंद. 'सेव्हंटी पर्सेंट नॅरोनेस' असं काही नसतं. 'स्टेनोसिस' ऐकू आलं तर तेच टाइप करा. त्याचा अर्थही अरुंद झालेला मार्ग असाच आहे, पण सोप्या शब्दात बदलण्याचं काम टंकलेखकाचं नाही.

रस्त्यावरच्या पाटीवर दिसणारं 'रोड नॅरोज अहेड' हे तिसरंच प्रकरण. तिथे 'नॅरोज' क्रियापद आहे: पुढे रस्ता अरुंद होतो.

प्रश्न : प्रबंधाच्या प्रस्तावनेत 'द नॅरोनेस ऑफ माय स्टडी' असं लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात 'हे तुम्हाला खरंच म्हणायचं आहे का?' असं विचारलं. मला फक्त विषयाची व्याप्ती मर्यादित ठेवली आहे, एवढंच सांगायचं होतं.
– संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मार्गदर्शकांची शंका रास्त आहे. रस्ता, पूल, गल्ली यांच्याबद्दल बोलताना 'नॅरोनेस' हा साधा वर्णनाचा शब्द असतो. विचार, दृष्टी, व्याख्या, अभ्यासक्रम यांच्याबद्दल तो आला की त्यात ठपका येतो. मराठीत या दोन्हींसाठी आपल्याकडे वेगळे शब्द आहेत. वाट चिंचोळी असते, पण मन कोतं असतं. बोळ अरुंद असतो, पण दृष्टी संकुचित असते. इंग्रजीत दोन्ही ओझी एकाच शब्दावर आहेत. त्यामुळे 'द नॅरोनेस ऑफ माय स्टडी' वाचणाऱ्याला 'माझ्या अभ्यासाचा तोकडेपणा' असं ऐकू येतं.

विषय मुद्दाम आखून घेतला आहे हे सांगायला 'स्कोप' घ्या: 'द स्कोप ऑफ द स्टडी इज लिमिटेड टू थ्री तालुकाज.' विशेषण हवं असेल तर 'नॅरो फोकस' चालेल. ते तटस्थ आहे, पुष्कळदा कौतुकाचंही असतं: 'द स्टडीज नॅरो फोकस इज इट्स स्ट्रेंग्थ.' 'नॅरो' विशेषण म्हणून 'फोकस'ला टेकलं की ठपका विरतो, आणि 'नॅरोनेस' असं नाम होऊन पुढे आलं की परत येतो. हा फरक शब्दकोशात सापडत नाही, वाचनातूनच कळतो. प्रबंधाच्या शेवटी मर्यादा सांगणाऱ्या प्रकरणात मात्र 'द नॅरोनेस ऑफ द सँपल' नि:शंक लिहा, कारण तिथे उणीव कबूल करणंच अपेक्षित असतं. तेवढंही थोडक्यात आटपू नका. अरुंदपणा कोणत्या दिशेने आहे ते सांगा: 'द नॅरोनेस ऑफ द सँपल, ड्रॉन एन्टायरली फ्रॉम इरिगेटेड व्हिलेजेस, लिमिट्स व्हॉट कॅन बी सेड अबाउट ड्रायलँड फार्मिंग.' सगळी गावं बागायती असल्यामुळे कोरडवाहू शेतीबद्दल फारसं बोलता येत नाही. हे वाक्य परीक्षकाचा प्रश्न येण्याआधीच त्याचं उत्तर देतं.

दुसऱ्यांच्या लेखनावर टीका करताना हा शब्द फार उपयोगी आहे. 'द नॅरोनेस ऑफ द डेफिनिशन लीव्हज होम-बेस्ड वर्कर्स आउट.' व्याख्या इतकी आखूड की घरी बसून काम करणाऱ्या बायका तिच्यातून सुटतात. 'द नॅरोनेस ऑफ द सिलॅबस', 'द नॅरोनेस ऑफ द रूलिंग' हेही रुळलेले प्रयोग आहेत. निकालाबद्दल बोलताना मात्र ठपका सौम्य होतो. न्यायालयाने समोरच्या मुद्द्यापुरतंच बोलणं याला वकील गुणही मानतात.

या अर्थाचा विरुद्धार्थी शब्द 'वाइडनेस' नाही, 'ब्रेड्थ' आहे. 'नॅरोनेस ऑफ व्हिजन'च्या समोर 'ब्रेड्थ ऑफ व्हिजन'. आणि जोडणारा शब्द 'ऑफ'. 'नॅरोनेस इन थिंकिंग' असं सुटं लिहिलेलं कच्चं वाटतं. 'नॅरोनेस ऑफ थॉट' लिहा. व्यक्ती मध्ये आली तर 'इन' चालतो: 'देअर वॉज अ सर्टन नॅरोनेस इन हिज थिंकिंग.' या वाक्यात 'देअर वॉज' आहे तरी ते खटकत नाही, कारण 'अ सर्टन'ने बोलणं हळुवार केलं आहे. टीका करायची आहे, पण तोंडावर नाही, अशा जागी सुशिक्षित इंग्रजीत हीच रचना येते.

'नॅरो-माइंडेडनेस' हा त्याचा कडक भाऊ. तो सरळ माणसावर जातो. संशोधनात त्याला जागा नाही. 'तो कोत्या मनाचा आहे' याचं 'ही इज ऑफ नॅरो माइंड' किंवा 'ही इज नॅरो माइंड' करू नका. 'ही इज नॅरो-माइंडेड' हेच रूप आहे.

प्रश्न : निवडणूक आणि क्रिकेटच्या बातम्यांत 'निसटता विजय', 'थोडक्यात बचावला' हे नेहमी येतं. इंग्रजीत 'नॅरोनेस' वापरावा का?
– वृत्त भाषांतरकार, मुंबई

उत्तर : बातमीच्या पहिल्या ओळीत नको, विश्लेषणात जरूर वापरा. बातमीला 'वन नॅरोली', 'नॅरो विन', 'बाय वन व्होट' पुरतं. 'नॅरोनेस' तेव्हा घ्या जेव्हा फरक किती थोडा होता हाच चर्चेचा विषय असेल. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७० असं एका मताने हरलं. त्याबद्दल 'द नॅरोनेस ऑफ द डिफीट मेड एव्हरी सिंगल व्होट अ मॅटर ऑफ डिबेट' हे वाक्य सार्थ आहे. एकेका मताची चर्चा झाली ती पराभव इतका निसटता होता म्हणून. २०१९ च्या विश्वचषक अंतिम सामन्याचंही तसंच: सामना बरोबरीत, सुपर ओव्हर बरोबरीत, आणि निकाल चौकार-षटकारांच्या संख्येवर, इंग्लंड २६ आणि न्यूझीलंड १७. तिथे 'द नॅरोनेस ऑफ द रिझल्ट' म्हणा, 'मार्जिन' म्हणू नका; धावांचा फरक शून्य होता.

'थोडक्यात बचावला' म्हणजे 'ही नॅरोली एस्केप्ड' किंवा 'ही हॅड अ नॅरो एस्केप'. इथे एक सापळा आहे. 'जेमतेम' म्हटलं की आपल्याला 'हार्डली' आठवतं आणि 'ही हार्डली एस्केप्ड' लिहिलं जातं. वाचणाऱ्याला ते 'तो सुटला असं म्हणताच येत नाही' असं लागतं. अपघाताच्या बातमीत ही चूक महागात पडते.

प्रश्न : खणाचे ब्लाउज आणि कपडे ऑनलाइन विकते, वर्णनं इंग्रजीत लिहावी लागतात. 'पन्हा लहान', 'बारीक काठ', 'अंगाला घट्ट' या सगळ्याला 'नॅरो' चालेल का?
– बुटीकचालक, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या दोहोंना चालेल, तिसऱ्याला नाही.

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, तेव्हा 'नॅरो' तिथे हक्काचा. खणाचा पन्हा मुळातच लहान असतो. गिऱ्हाइकाला ते आधी कळलं नाही तर 'मध्ये जोड का आहे?' अशी तक्रार येते. म्हणून कारण सांगून टाका: 'खण इज वोव्हन नॅरो. बिकॉज ऑफ द नॅरोनेस ऑफ द क्लॉथ, द स्कर्ट इज कट इन पॅनल्स अँड जॉइन्ड.' लगेच खाली पन्ह्याचा आकडा इंचात, 'विड्थ' असं लिहून द्या. बाजारातलं साधं कापड ३६, ४४ किंवा ५८ इंची पन्ह्याचं असतं, त्यामुळे आकडा वाचला की घेणाऱ्याला तुलना करता येते.

'बारीक' या मराठी शब्दाची मात्र इंग्रजीत फोड करावी लागते. बारीक काठ 'नॅरो बॉर्डर', कारण तो रुंदीला कमी आहे. बारीक सूत 'फाइन यार्न'. कापड पातळ असेल तर 'थिन', आणि तलम म्हणून कौतुक करायचं असेल तर 'फाइन' किंवा 'शिअर'. 'थिन बॉर्डर' लिहिलंत तर काठाचं कापड विरविरीत आहे असा समज होऊ शकतो.

अंगाला घट्ट असेल तर 'टाइट', आणि बेतशीर बसतं हे चांगल्या अर्थाने सांगायचं असेल तर 'फिटेड' किंवा 'स्लिम फिट'. 'नॅरो ब्लाउज' म्हणू नका. खांदा मात्र 'नॅरो शोल्डर्स' असा लिहितात, कारण तिथे माप आडवंच आहे. बाही खाली निमुळती होत गेली असेल तर 'टेपर्ड स्लीव्ह'. 'नॅरो स्लीव्ह' म्हणजे वरपासून खालपर्यंत सारखीच अरुंद.

प्रश्न : उच्चार, स्पेलिंग आणि अनेकवचन एकदा स्पष्ट करावं.
– स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, बीड

उत्तर : जोर पहिल्या 'नॅ'वर. शेवटचा 'नेस' आपण देवनागरीत लिहितो तसा ताणायचा नाही. तो जवळजवळ 'नस्' असा आखूड येतो. मधला 'डब्ल्यू' ऐकू येत नाही, पण लिहायचा असतो. मूळ 'नॅरो'मध्ये काहीही न बदलता पुढे 'नेस' जोडायचं. 'हॅपी'चं 'हॅपिनेस' होताना 'वाय'चा 'आय' होतो, तसा बदल इथे नाही. 'आर' दोन आणि शेवटी 'एस' दोन. घाईत एक 'आर' गळतो, आणि कधी त्याचं 'निअरनेस' होऊन जातं. तो शब्दही खरा असल्याने संगणकाचा स्पेलचेक तो पकडत नाही.

अनेकवचन 'नॅरोनेसेस' करू नका. गल्ल्या अनेक असल्या तरी 'द नॅरोनेस ऑफ द लेन्स', म्हणजे अनेकवचन 'ऑफ'च्या पुढे. त्यापुढचं क्रियापद 'लेन्स'कडे बघून नाही तर 'नॅरोनेस'कडे बघून ठरतं: 'द नॅरोनेस ऑफ द लेन्स मेक्स पार्किंग इम्पॉसिबल.' परीक्षेत नेमकं 'मेक' की 'मेक्स' हेच विचारतात.